व्हॅक्यूम क्लीनरच्या झाकणाची खिट्टी

आमच्या घरातला दुसरा व्हॅक्यूम क्लीनर २०१९ साली निकामी झाला, तेव्हा त्याची मोटर उत्तम चालत होती, वायर शाबूत होती, होस पाइपला कुठे चीर नव्हती आणि फिल्टर आदल्याच आठवड्यात धुतलेला होता. मोडली होती ती धुळीच्या डब्याच्या झाकणाची, नखाएवढी, प्लास्टिकची खिट्टी. ती मोडल्यामुळे झाकण घट्ट बसेना, फटीतून हवा आत शिरू लागली आणि नळीच्या तोंडाशी ओढच उरली नाही. सेवा केंद्रात चौकशी केली, तेव्हा खिट्टी सुटी मिळत नाही, झाकणही सुटे मिळत नाही, संपूर्ण डबा घ्यावा लागेल आणि त्याची किंमत यंत्राच्या मूळ किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश होईल, असे सांगण्यात आले. डबा पुण्याहून मागवावा लागेल, तो कधी येईल हे निश्चित सांगता येणार नाही, असेही कळले. यंत्राला तेव्हा दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्या दिवसापासून मी घरगुती यंत्रांचा टिकाऊपणा आणि त्यांची दुरुस्ती या विषयाकडे गांभीर्याने पाहू लागले. कनिष्ठ महाविद्यालयात मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले असल्यामुळे यंत्र उघडून आत काय आहे ते पाहण्याची भीती मला वाटत नाही. आणि आमच्या घरात व्हॅक्यूम क्लीनर ही चैनीची वस्तू कधीच नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे.

माझे सासर सोलापुरातल्या अशोक चौकाच्या परिसरातले. घराच्या तिन्ही बाजूंना यंत्रमागाचे कारखाने होते आणि चादरी व टॉवेल विणताना उडणारी सुताची लव वाऱ्याबरोबर थेट घरात येत असे. पलंगाखाली, फ्रिजच्या मागे, पंख्याच्या पात्यांवर तिचे करड्या रंगाचे थर साचत. त्यात आमचा हा कोरडा मुलूख. पावसाळा बेताचा, माती काळी आणि उन्हाळ्यात वारा सुटला की ती पिठासारखी बारीक होऊन खिडकीच्या जाळीतूनही आत येते. सासूबाईंना दमा होता. केरसुणी फिरवली की धूळ हवेत उडे आणि त्यांना धाप लागे. म्हणून १९९६ साली, घरी येऊन प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या एका विक्रेत्याकडून आम्ही पहिला व्हॅक्यूम क्लीनर हप्त्यांवर घेतला. त्याची किंमत माझ्या तेव्हाच्या एका महिन्याच्या पगाराहून अधिक होती.

ते यंत्र २०१७ पर्यंत, म्हणजे २१ वर्षे चालले. असे सांगितले की ऐकणारे लगेच म्हणतात, पूर्वीच्या वस्तूच तशा दणकट होत्या. मीही बराच काळ तसेच म्हणत असे. परंतु सासूबाईंची घरखर्चाची वही त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली, आणि दुसरे यंत्र बंद पडल्यानंतर एका दुपारी मी तीत त्या जुन्या यंत्राच्या नोंदी शोधत बसले. २१ वर्षांत ते ११ वेळा दुरुस्तीला गेले होते. मोटरमधले झिजणारे कार्बनचे ठोकळे तीन वेळा बदलले होते, बेअरिंग दोनदा, होस पाइप दोनदा, स्विच आणि वायर एकेकदा. एकदा सत्यनारायणाच्या पूजेनंतर सांडलेले पाणी माझ्याकडूनच ओढले गेले आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, जळाले. ते नव्याने गुंडाळून घेतले होते. एकदा चाक तुटले होते. म्हणजे ते जुने यंत्र सरासरी दोन वर्षांतून एकदा बिघडतच होते, आणि नवे यंत्रही दोन वर्षांतच बिघडले होते. बिघाडाच्या वारंवारतेत फारसा फरक नव्हताच. फरक इतकाच होता की जुन्या यंत्राचा प्रत्येक बिघाड वहीतल्या एका ओळीवर संपला आणि नव्या यंत्राचा पहिलाच बिघाड त्याचा शेवट ठरू पाहत होता.

तो शेवट ठरला नाही, याचे श्रेय साखर पेठेतल्या मोटर वाइंडिंग करणाऱ्या, म्हणजे मोटरची तार नव्याने गुंडाळून देणाऱ्या, अण्णांना आहे. जुन्या यंत्राच्या बहुतेक दुरुस्त्या त्यांच्याच दुकानात झालेल्या होत्या. सोलापुरात यंत्रमागांमुळे वाइंडिंगची दुकाने पूर्वीपासून आहेत. जळालेली मोटर टाकून द्यायची असते, ही कल्पनाच त्या दुकानांत कोणाला पटत नाही. अण्णांनी माझ्यासमोर ते यंत्र उलटेपालटे करून पाहिले. खाली चार स्क्रू दिसत होते, पण ते काढूनही कवच सुटले नाही, कारण उरलेला जोड आतल्या बाजूने एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या जिभांचा होता. पातळ पट्टी घालून ते उघडताना तीनपैकी एक जीभ तुटलीच. “मॅडम, मोटर बघा किती छान आहे, हिला काहीच झालेलं नाही,” अण्णा म्हणाले, “पण आत जायला वाटच ठेवली नाही की.” मग त्यांनी पितळेची एक पट्टी वाकवून, दोन छोटे बोल्ट घालून झाकणाला नवी खिट्टी बसवून दिली. चाळीस रुपये घेतले. ती पितळी खिट्टी आजही जशीच्या तशी आहे, मात्र यंत्र पुढच्याच वर्षी मोटरमुळे कायमचे बंद झाले.

त्या मोटरची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण खरा दर्जा तेथेच कळतो. विजेच्या वायरीवर चालणाऱ्या बहुतेक घरगुती व्हॅक्यूम क्लीनरमध्ये युनिव्हर्सल मोटर असते, म्हणजे मिक्सरमध्ये असते त्याच जातीची. तिच्या फिरत्या भागाला, म्हणजे आर्मेचरला, वीज पोहोचवण्यासाठी कार्बनचे दोन छोटे ठोकळे स्प्रिंगच्या दाबाने तांब्याच्या पट्ट्यांच्या एका गोल भागावर घासत असतात. त्या भागाला कम्युटेटर म्हणतात. ठोकळे झिजणारच; झिजण्यासाठीच ते असतात. ते वेळेवर बदलले तर मोटरला धक्का लागत नाही. बदलले नाहीत तर ठिणग्या वाढतात, कम्युटेटरवर चरे पडतात आणि मग आर्मेचरच हातचे जाते. यंत्रमागाची मोटर निराळी असते. ती तीन फेजची असते, तिला कार्बन लागत नाहीत आणि ती मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर मिनिटाला वीस ते तीस हजार फेरे घेते. एवढ्या वेगात पंख्याच्या पात्यावर एका बाजूला थोडी जरी धूळ चिकटली तरी तोल जातो, कंप सुरू होतो, बेअरिंगमधले ग्रीस तापून संपते आणि यंत्रातून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागतो. तो आवाज ऐकू आला की यंत्र दुरुस्तीला न्यावे, इतके मी आता अनुभवाने शिकले आहे.

जुन्या यंत्रात कार्बन बाहेरच्या बाजूने, स्क्रूच्या टोपीखाली बसवलेले होते. टोपी फिरवायची, झिजलेला ठोकळा काढायचा, नवा घालायचा, दहा मिनिटांचे काम. दुसऱ्या यंत्रात कार्बनचे घर मोटरच्या प्लास्टिकच्या सांगाड्यातच ओतलेले होते आणि तो सांगाडा रिव्हेटने बंद केलेला होता. अण्णांनी रिव्हेट कापून आत पाहिले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. मोटरमध्ये गुंडाळलेल्या तारेवरचा तांबूस मुलामा खरवडला की आतून पांढरी तार निघत होती. ती ॲल्युमिनियमची होती. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, त्यामुळे तितक्याच जाडीच्या तारेत तितक्याच प्रवाहाला अधिक उष्णता निर्माण होते. तार पुरेशी जाड घेतली आणि गार ठेवण्याची नीट सोय केली तर ॲल्युमिनियमही वाईट नाही; पण जागा वाचवायची आणि पैसाही वाचवायचा म्हटले की उष्णता वाढते आणि तारेवरचे विद्युतरोधक वार्निश करपते. आमच्या मोटरचे वार्निश काळे पडले होते. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरांत वॅटचा आकडा होता.

हा वॅटचा आकडा ग्राहकाची फार दिशाभूल करतो. १६०० किंवा २००० वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते, एवढेच. ते किती जोराने ओढते हे त्यातून कळत नाही, कारण पंख्याची रचना, नळीतले वळण, सांध्यांतली गळती आणि फिल्टर या सर्वांवर ते अवलंबून असते. युरोपीय संघाने व्हॅक्यूम क्लीनरच्या कमाल वॅटवरच मर्यादा घातली: सप्टेंबर २०१४ पासून १६०० आणि सप्टेंबर २०१७ पासून ९००. कमी विजेतही चांगली ओढ मिळवता येते, हे तिथल्या उत्पादकांना करून दाखवावे लागले. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाच्या दोन अटी त्याच नियमात आहेत. मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे आणि होस पाइप ४०,००० वेळा वाकवल्यानंतरही वापरण्याजोगा राहिला पाहिजे. ५०० तास हा आकडा मोठा वाटतो, पण आपल्या वापराशी ताडून पाहावा. आठवड्यातून तीनदा वीस मिनिटे वापर असेल तर ते यंत्र साडेनऊ वर्षे पुरेल. आमच्यासारखा रोज वीस मिनिटे वापर असेल तर वर्षाला सुमारे १२० तास होतात, म्हणजे चार वर्षे. आणि हा हिशेब दिलेल्या अटी पाळणाऱ्या, नीट बांधलेल्या यंत्राचा आहे. आपल्याकडे दुकानात गेल्यावर ‘या मोटरचे आयुष्य किती तास आहे?’ असे मी चार ठिकाणी विचारले. चारही ठिकाणी वॉरंटी किती वर्षांची आहे ते सांगण्यात आले.

येथे स्वतःच्या चुकांबद्दलही स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण प्रत्येक बिघाड उत्पादकाच्या माथी मारणे न्याय्य नाही. दिवाळीत मी अंगणातली आणि उंबऱ्याजवळची रांगोळी व्हॅक्यूम क्लीनरने ओढत असे. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. ती फिल्टरची छिद्रे बुजवते आणि फिल्टरमधून निसटलेला अंश बेअरिंगपर्यंत पोहोचला तर पॉलिश कागदासारखे काम करतो. घराला रंग देताना भिंतीची पुट्टी घासल्यावर पडलेली पांढरी पूडही मी याच यंत्राने गोळा केली होती. मोटर करपण्यामागे ते एक कारण निश्चित असणार. अनेक यंत्रांत ओढलेली हवाच फिल्टरमधून पुढे येऊन मोटरला गार करते. फिल्टर तुंबला की हवा थांबते आणि मोटर स्वतःच्याच उष्णतेत शिजू लागते. पाणी ओढणाऱ्या यंत्रांत मोटरला गार करणारी हवा वेगळ्या वाटेने घेतलेली असते, म्हणून ती हे हाल अधिक सोसतात. माहितीपुस्तिकेत बारीक पूड ओढू नये असे छापलेले होते, हे मी नंतर वाचले. तरीही माझा एक आक्षेप राहतोच. उदबत्तीची राख, रांगोळी, काळ्या मातीची धूळ आणि आमच्या भागात सुताची लव, हाच जर येथील घरांतला रोजचा केर असेल, तर येथे विकले जाणारे यंत्र तो केर पेलण्यासाठी बनवलेले असले पाहिजे. पुस्तिकेतल्या सोळाव्या पानावरची एक ओळ त्याला पर्याय होऊ शकत नाही.

तिसरे यंत्र २०२१ मध्ये मुलाने हौसेने आणले. ते बिनवायरचे, हातात काठीसारखे धरून चालवायचे होते. तोवर आम्ही जुळे सोलापुरात राहायला आलो होतो. यंत्र हलके होते, आवाज कमी होता, जिन्यावर वापरायला फार सोयीचे होते आणि पहिले वर्षभर मी त्याचे कौतुकच केले. त्याच्या मोटरमध्ये कार्बन नव्हते. फेऱ्यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक बोर्ड करत होता. म्हणजे झिजणारा भाग एक कमी झाला, हे खरेच चांगले आहे. परंतु झिजणारा दुसरा भाग वाढला होता, आणि तो सर्वांत महाग होता. त्याच्या बॅटरीत लिथियम-आयनचे सहा सेल एकापुढे एक जोडलेले होते, मिळून २१.६ व्होल्टचे. अशा मालिकेत एक सेल जरी अशक्त झाला तरी आतला संरक्षक बोर्ड सगळ्यांचाच पुरवठा तोडतो. सोळाव्या महिन्यात यंत्र चालू होऊन चार सेकंदांत बंद पडू लागले. वॉरंटी बारा महिन्यांची होती.

ते चार्जिंगला लावण्याची खुंटी आम्ही पश्चिमेच्या भिंतीवर ठोकली होती. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि दुपारी तापलेल्या त्या भिंतीजवळ खोलीतले तापमानही फार खाली नसते. लिथियमचे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असे सेल बनवणारेच सांगतात; शिवाय पूर्ण भरलेला सेल उष्ण जागी दिवसेंदिवस ठेवला तर तो वापर न होताही म्हातारा होतो. हे मला ठाऊक असायला हवे होते. सोबतच्या पुस्तिकेतल्या चित्रात मात्र यंत्र कायम चार्जरवर टांगलेलेच दाखवले होते. नव्या बॅटरीची किंमत यंत्राच्या जवळजवळ निम्मी सांगितली गेली, आणि पैसे भरण्याची तयारी दाखवल्यावर ते मॉडेल आता बंद झाल्याचे कळले. बॅटरी वेगळी निघत होती, पण तिचा आकार इतका स्वतंत्र होता की दुसऱ्या कोणत्याही मॉडेलची बॅटरी तिथे बसत नव्हती. अण्णांनी ती हातात घेऊन नम्रपणे परत केली. सेल एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात, चुकीच्या हातून ते पेट घेऊ शकतात, आणि हे आपले काम नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटला. फक्त एक अशक्त सेल, आणि त्यापायी चांगली मोटर, चांगली नळी, चांगले ब्रश असे संपूर्ण यंत्र माळ्यावर गेले.

फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर ‘दुरुस्तीयोग्यतेचा’ गुणांक छापणे बंधनकारक आहे. दहापैकी गुण दिले जातात आणि त्यासाठी दुरुस्तीची माहिती उपलब्ध आहे का, वस्तू सहज उघडते का, सुटे भाग किती काळ मिळतील आणि त्यांची किंमत मूळ वस्तूच्या मानाने किती, हे तपासले जाते. २०२२ च्या अखेरीस व्हॅक्यूम क्लीनरही त्या यादीत आले. माझी नखाएवढी खिट्टी या शेवटच्या दोन प्रश्नांवरच नापास झाली असती. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले आहे आणि त्यात घरगुती टिकाऊ वस्तूंचाही समावेश आहे. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती व सुट्या भागांचे तपशील तेथे द्यावेत, अशी त्यामागची कल्पना आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिसऱ्या यंत्राच्या वेळी मी तेथे तक्रार नोंदवली होती. उत्तर आले, पण वॉरंटी संपलेली असल्यामुळे सवलतीत नवे यंत्र घेण्याचा प्रस्ताव एवढेच त्यात होते. मला नवे यंत्र नको होते, एक सेल हवा होता.

किमतीबद्दलही प्रामाणिक राहिले पाहिजे. १९९६ मध्ये महिन्याच्या पगाराहून अधिक पैसे देऊन घेतलेले यंत्र आणि २०१७ मध्ये पगाराच्या दहाव्या हिश्श्यात घेतलेले यंत्र यांची सरळ तुलना करता येत नाही. आज अनेक घरांना व्हॅक्यूम क्लीनर परवडतो तो त्या स्वस्ताईमुळेच, आणि दम्याचा रुग्ण घरात असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. जुने यंत्र जड होते, त्याच्या कापडी पिशवीतून बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येत असे, आणि ती पिशवी झटकताना सासूबाईंना मी गच्चीवर पाठवत असे. आजचे फिल्टर त्याहून कितीतरी सरस आहेत. परंतु खिट्टी थोडी जाड करणे, जिभांऐवजी स्क्रू देणे, कार्बन बाहेरून बदलता येतील अशी टोपी ठेवणे यासाठी यंत्र महाग करावे लागत असेल, हे मला पटत नाही. साखर पेठेतला एक माणूस चाळीस रुपयांत जी खिट्टी कायमची करून देतो, ती कारखान्यात काही पैशांत झाली असती.

चौथे यंत्र घेताना मी नवी पेठेतल्या दुकानात दीड तास घालवला. विक्रेत्याच्या परवानगीने प्रत्येक यंत्र उलटे करून स्क्रू मोजले, झाकणाची खिट्टी दहा वेळा उघडून मिटून पाहिली, होस पाइप जिथे यंत्राला जोडतो तिथे धरून पिळून पाहिला. तो सांधाच सर्वांत आधी चिरतो, कारण यंत्र ओढताना सगळा ताण तिथेच येतो. वायर आपोआप गुंडाळणारी सोय असलेली यंत्रे मी बाजूला ठेवली. आतली स्प्रिंग आणि सरकते संपर्क बिघडले की वायर आत जात नाही किंवा बाहेर येत नाही, आणि हाताने वायर गुंडाळायला मला अर्धे मिनिटही लागत नाही. कार्बन, फिल्टर आणि होस पाइप सुटे मिळतात का आणि किती रुपयांना, हे विचारून किमती कागदावर लिहून घेतल्या. विक्रेता आधी वैतागला, मग त्यालाही रस वाटू लागला. शेवटी मी पत्र्याच्या पिंपाचे, पाणी आणि कोरडा केर दोन्ही ओढणारे, गॅरेजमध्ये वापरतात तसे यंत्र घेतले. त्यात मोटर वरच्या झाकणात असते आणि सहा स्क्रू काढले की ती हातात येते. दिसायला ते सुंदर नाही, आवाज मोठा आहे, आणि पलंगाखाली त्याचे पिंप जात नाही, फक्त नळी जाते.

ते २०२३ च्या जूनमध्ये घेतले. गेल्या महिन्यात शिट्टी ऐकू आली म्हणून अण्णांकडे नेले. आता दुकान त्यांचा मुलगा पाहतो आणि अण्णा शेजारी खुर्चीवर बसलेले असतात. बेअरिंग ठीक होते, पंख्यावर एका बाजूला सुताची लव आणि धूळ घट्ट चिकटली होती, ती खरवडून काढली. कार्बन निम्म्याहून अधिक झिजले होते, तेही बदलून घेतले. होस पाइपच्या सांध्याजवळ बारीक चीर दिसली, तेव्हा अण्णांच्या मुलाने तेवढे चार बोटे टोक कापून टाकले आणि नळी पुन्हा तोंडात फिरवून बसवली. एकूण दोनशे दहा रुपये झाले. नळी आता थोडी आखूड झाली आहे, त्यामुळे दिवाणखान्याचा कोपरा गाठायला पिंप एक हात पुढे ओढावे लागते. सासूबाईंच्या वहीत नवे पान लावून मी तारखेसह ही नोंद केली आहे.